रिकाम्या जागेचा रकाना

तलासरीकडच्या ज्या पाड्यावर मी मास्तर होतो, तिथे शाळेमागून एक ओहोळ जातो. त्याच्या काठाला तेव्हा निगडी, करंज, वाळुंज अशा झाडाझुडपांची एवढी दाटी होती की पावसाळ्यात पाणी नुसतं ऐकू यायचं, दिसायचं नाही. काठाला लागून एका म्हाताऱ्या बाईचं भाताचं खाचर होतं. तिची जमीन तेवढीच. उन्हाळ्यात ती घोलवडला चिकूच्या वाडीत मजुरीला जायची, पण वर्षाचा तांदूळ त्या एका खाचरातला.

२०१६ साली वरून वृक्षलागवडीचा फतवा आला. सोबत भरायला तक्ता, आणि तक्त्यात रकाना : 'लागवडीसाठी रिकामी जागा'. शाळेच्या पटांगणात सगळा खडक, पहारसुद्धा शिरत नव्हती. मी लिहिलं, 'ओहोळाचा काठ', आणि मोकळा झालो. जिथे हात घालायला फट नव्हती ती जागा मी रिकामी ठरवली, कारण तिथे कुणी काही लावलेलं नव्हतं.

टेम्पोतून गुलमोहराची रोपं आली. मुलांनी झाडोऱ्यात फटी शोधून शोधून लावली. नेटवर्कसाठी टेकडी चढून मी फोटो पाठवले. तासाभरात तालुक्याहून साहेबांचा फोन.

"अहो गुरुजी, यात नुसती झुडपं दिसतायत. खड्डा, रोप आणि विद्यार्थी, तिन्ही क्लिअर दिसले पाहिजेत. साफसफाई करून घ्या आणि परत पाठवा."

साहेब, ती झुडपं म्हणजेच झाडं आहेत, एवढं सांगायला काय जात होतं माझं? मी "हो साहेब" म्हणालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द माझ्या तोंडून आपोआप पडायचे.

दुसऱ्या दिवशी मी बोलावलेली चार माणसं कोयते घेऊन काठावर उतरली. म्हातारी बांधावरून धावत आली. ती लहानथोर सगळ्यांनाच अरे-तुरे करायची.

"गुरुजी, तू झाडां लावाय आलास का तोडाय?"

"आजी, नवीन लावतोय. झाडांची मुळं माती धरून ठेवतात. जमीन वाहून जात नाही."

हे मी तिला सांगितलं! शाळेच्या पुस्तकातलं वाक्य, तेही नुकत्याच तोडलेल्या करंजाच्या बुंध्यावर पाय ठेवून. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"मंग हीं काय धरून व्हती?" तिने विचारलं. मी मुलांना रांगेत उभं करायला लागलो.

फोटो मात्र झकास आला. साहेबांनी ग्रुपवर जाहीर कौतुक केलं.

श्रावणात दोन दिवस पावसाने नुसतं झोडपलं. ओहोळाने आधी गुलमोहर नेले, मग काठाची माती ढेकळाढेकळांनी सुटली, मग खाचराचा बांध गेला. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर निम्मं खाचर उभ्या भातासकट नाहीसं झालेलं. नुकसानीचा पंचनामा व्हावा म्हणून मी कचेरीत खेपा घातल्या. तिथे मलाच विचारलं, "गुरुजी, ओहोळ तिथून आधीपासूनच वाहत होता ना?" पंचनामा झालाच नाही.

पुढच्या जूनमध्ये तोच तक्ता पुन्हा हजर. 'मृत रोपांच्या जागी नवीन रोपे लावावीत.' अहो, रोपं मेली नव्हती, जागाच वाहून गेली होती. चडफडत काठाकडे गेलो, तर म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी. निगडीचे मनगटाएवढे दांडके दगडाने ठोकून काठात रोवत होती. निगडी अशी तोडलेल्या फांदीपासूनही जगते. ना खड्डा, ना रांग, ना फोटो.

माझ्या हातातला कागद पाहून तिचा हात थांबला.

"गुरुजी, औंदा कुठवर तोडशील?"

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. पण ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे तेवढ्या भागात तिने निगडी रोवली नसती.

मी तिथेच दगडावर बसून तक्ता भरला. 'रिकामी जागा : नाही.' समोर सगळा काठ उघडाबोडका पडला होता, आणि मी धडधडीत खोटं लिहीत होतो. आदल्या वर्षी हेच लिहिलं असतं, तर ते खरं ठरलं असतं.