तुंबा वाजवणाऱ्याचं नाव

तुंबाकाका गाणं ऐकत नसत, वाजवणाऱ्याला ऐकत. कुठलंही गाणं लागलं की डोळे मिटून विचारत, "वाजवून कोन राह्यला?" दिवसा भरवेलीच्या खाणीत नोकरी आणि जयंतीच्या ऑर्केस्ट्रात तुंबा, म्हणजे उघड्या तळव्यांनी वाजवायचा तो उभा लांबट ढोल, एवढंच त्यांचं जग.

मी तेव्हा बालाघाटातला एकमेव रॅपर होतो. दुसरा कोणी नसल्यामुळे सर्वश्रेष्ठही. भर मे महिन्यात कानटोपी घालून हिंडत असे. एकदा काकांच्या घरी चहा पिता पिता मी त्यांना हिप-हॉपचा इतिहास शिकवायला बसलो. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत कृष्णवर्णीय मुलांनी जुन्या तबकड्यांवरचा ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला, त्यावर पोरं नाचली, वगैरे. तुकडा ऐकवलाही.

"हा तं तुंबा होय," काका म्हणाले. "वाजवून कोन राह्यला?"

"काका, ते मशीन आहे."

"मशीनले तळवे असते काय, बाबू?"

त्यांना खोटं पाडायला मी मोबाइल उघडला आणि स्वतःच तोंडावर आपटलो. त्याच वस्तीत पोर्तो रिको, क्युबाकडची कुटुंबं दाटीनं राहत होती. बागेत तुंबा, बोंगो वाजवणारी माणसं त्यांचीच. त्यांची पोरंही तो नाच नाचली, भिंती रंगवल्या, तबकड्या फिरवल्या. तुंबा हा शब्दसुद्धा तिकडचाच निघाला. इतिहासात मात्र त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ. काका नुसते हसले. "गानाऱ्याचं नाव राह्यते. वाजवनाऱ्याचं कोन लिवते?"

मला भयंकर राग आला. त्या लोकांवरच्या अन्यायावर मी तावातावानं रॅप लिहिला, काकांनी तुंबा वाजवला, आणि व्हिडिओ नेटवर गेला. शब्द माझे, आवाज माझा, संकल्पना माझी, मोबाइल धरणाऱ्या मित्राचे आभार. काकांनी तो दोनदा पाहिला. "तुंबा साफ आयकू येते," एवढंच म्हणाले. मला ती दाद वाटली.

यंदा थंडीत काका गेले. व्हिडिओ काढून पाहिला, तर खालच्या यादीत ते कुठंच नव्हते. स्वतःची लाज वाटली. घाईनं 'तुंबा' असं लिहिलं आणि पुढं बोट अडलं. आठ वर्षं मी त्यांना काकाच म्हणत होतो. शेवटी त्यांच्या मुलीला फोन लावून नाव विचारलं.

ती म्हणाली, "आठ वर्षं आमच्या घरी चहा पेले तुम्ही, दादा. लिवा. सुखदेव मेश्राम."

मी लिहिलं, आणि त्यांना एकदा तरी त्या नावानं हाक मारावीशी वाटली.