दोन काठांच्या बाटल्या

गुणाबाई लग्न होऊन गोंडपिपरीहून सिरोंच्याला आली तेव्हा तिला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. नवरा मुखरू बांधकाम खात्यात, रस्त्याच्या कामावर. महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात बसून कंटाळली तशी तिनं प्राणहितेच्या घाटावर, डोंगे लागतात तिथं, एक छप्पर टाकलं आणि थंड पेयाच्या बाटल्या विकायला घेतल्या. बर्फ तिथं कुठला? बाटल्या ओल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरायच्या आणि वर भिजलेलं पोतं टाकायचं. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. मे महिन्यातल्या कित्येक दुपारी मी तिच्याकडच्या ऑरेंजवर काढल्या आहेत.

माल चंद्रपूरच्या एजंटाकडून ट्रकनं यायचा. ट्रकवरचा हरिदास भरलेले क्रेट उतरवायचा, रिकाम्या बाटल्या मोजून न्यायचा. गिऱ्हाइकाला बाटली सोबत न्यायची असेल तर एक रुपया डिपॉझिट. बाटली परत केली की रुपया परत. पलीकडच्या काठावर, आंध्रात, मल्लक्का नावाची बाई असंच दुकान चालवायची. तिचा माल तिकडच्या कारखान्यातला, पण डिपॉझिट तेवढंच.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या एजंटानं डिपॉझिट दोन रुपये केलं. त्याचंही चुकलं नव्हतं. जंगलातल्या गावांत गेलेली बाटली परतच यायची नाही. कुणी तिच्यात मध भरून ठेवायचं, कुणी टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल.

त्यानंतर घाटावर गंमत सुरू झाली. पलीकडून येणाऱ्या प्रत्येक डोंग्यातून माणसं हातात रिकामी बाटली घेऊनच उतरू लागली. कुणी दोन, कुणी पिशवीभर. गुणाबाई दोन-दोन रुपये देत गेली. लोक इतक्या इमानदारीनं बाटल्या परत करतात याचं तिला कौतुक वाटायचं. मला म्हणालीही, की आपल्या दुकानाचं नाव झालं आहे. बाटल्या एकाच आकाराच्या, एकाच हिरवट काचेच्या. मीही कधी निरखून पाहिलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी ट्रक आला. हरिदासनं जयभीम घातला, रिकाम्या बाटल्यांचे भरगच्च क्रेट पाहून खूश झाला आणि एक बाटली उचलून थबकला.

"बाई, ह्या आपल्या नाई. मानेवर तेलगू अक्षरं हायेत."

मोजल्या तर एकशे वीस बाटल्या, म्हणजे पाच क्रेट, पलीकडच्या निघाल्या. एजंट त्या घेणार नाही, हे हरिदासनं वाईट वाटूनच सांगितलं, आणि ट्रक गेला.

 गुणाबाईनं बुधूला हाक मारली. बुधू डोंगा चालवायचा, दिवसातून चार फेऱ्या. लोक बाटल्या आणतात कुठून, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. तिकडं रुपया ठेवून बाटली घ्यायची, डोंग्यात प्यायची आणि इकडं उतरून दोन रुपये घ्यायचे. डोंग्याचं अर्धं भाडं सुटतं. सगळेच करतात.

"तू बी?"

"तीन डाव, बाई," बुधू म्हणाला. "तहान बी लागत होती."

यावर तिला हसू आलं. रागवायचं ठरवून बोलावलं होतं, पण हसूच आलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाचही क्रेट बुधूच्या डोंग्यात चढवले आणि पहिल्यांदाच एकटी पलीकडे निघाली. भाडं बुधूनं घेतलं नाही. पलीकडच्या नाक्यावरचा कारकून वही उघडून बसला, पण रिकाम्या बाटल्यांचं काय लिहायचं ते त्यालाच कळेना. शेवटी त्यानं हातानंच जा म्हटलं.

मल्लक्काचं दुकान बंद होतं. ती बाहेर बाजेवर बसून चिंच सोलत होती. क्रेट दिसताच ताडकन उठली. "नावी, नावी," म्हणत बाटल्या कुरवाळू लागली. माझ्या, माझ्या.

तिची कथा बुधूनं मधे बसून सांगितली. कारखाना रिकाम्या बाटल्या घेतल्याशिवाय भरलेल्या देत नव्हता. तिच्या सगळ्या बाटल्या नदी ओलांडून गेलेल्या. ऐन उन्हाळ्यात आठ दिवस दुकान बंद. मात्र तिच्याकडे बाटलीमागे एकच रुपया जमा होता, तेवढाच ती देऊ शकत होती.

"मंग बाटलीमागं माझा एक रुपया गेला ना," गुणाबाई म्हणाली.

मल्लक्कानं ते समजून घेतलं. थोडा विचार करून म्हणाली, की माल आला की दोन क्रेट भरून पाठवते, ते तू विक, पैसे तुझेच. गुणाबाई कबूल झाली, पण उठली नाही. तिला पुढचं दिसत होतं. उद्या पुन्हा डोंगे भरून बाटल्या येणार.

"अक्का, तू बी दोन रुपये कर," ती म्हणाली. "दोन्हीकडं सारखं असलं तर कोण कशाले वाहून आणते?"

बुधूनं हे तेलुगूत सांगितलं, जरा पडलेल्या आवाजात. मल्लक्का आधी त्याच्याकडे पाहून हसली, मग मान डोलावली. आणखी एक ठरलं: चुकून इकडची बाटली तिकडे गेली तर दोघींनी ती वेगळी ठेवायची, आणि दर गुरुवारी बुधूच्या डोंग्यातून अदलाबदल करायची.

आठवडाभरात येणारे हात रिकामे झाले. मल्लक्कानं पाठवलेले दोन क्रेट मात्र दोनच दिवसांत संपले, कारण तिकडचं ऑरेंज जास्त गोड होतं. लोक मुद्दाम तेच मागू लागले. पुढं मल्लक्का दर गुरुवारी दोन क्रेट विकायलाच पाठवू लागली, आणि नाक्यावरच्या कारकुनाला अखेर वहीत लिहायला काहीतरी मिळालं.

गुणाबाई माझ्याकडे तेलुगू अक्षरं शिकायला आली. मला येत नव्हती. मग आम्ही दोघंही बाटलीच्या मानेवरून शिकलो, शाळेतल्या तेलुगू पोरींना विचारून. पावसाळ्यापर्यंत ती बसच्या पाट्या वाचू लागली होती.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मल्लक्का नव्या लुगड्यात डोंग्यातून उतरली. मुखरू त्या दिवशी घरी होता. बोलायला शब्द सापडेनात, म्हणून त्यानं तिला खिरीची वाटी तीनदा भरून दिली. त्या दोघी मात्र अर्ध्या मराठीत, अर्ध्या तेलुगूत ऊन उतरेपर्यंत बोलत होत्या, आणि घाटावरून बुधू शेवटच्या फेरीसाठी हाका मारत होता.