मंदाचं राहून गेलेलं भाषण

बुधवारी सकाळी कारंजाहून जावई सुरेशरावांचा फोन आला, तेव्हा घरात आई, माझी पत्नी आणि मी असे तिघे होतो. त्यांची बायको, माझी धाकटी बहीण मंदा, चहा ठेवता ठेवता कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं... आई म्हणाली, "अन् तिचं ऐतवारचं भाषण?"

मुलींची लग्नं झाल्यावर मंदा बाहेरून बी.ए. करत होती. रविवारी वर्ध्यात वर्ग असायचा, म्हणून शनिवारीच आमच्याकडे पिपरी मेघेला मुक्कामाला यायची. सरांनी प्रत्येकाला सांगितलं होतं, वर्गाला न पटणारी एखादी गोष्ट भाषणातून पटवून द्या. मंदाने विषय घेतला, तेरवीचं जेवण बंद करा. मी हिशेबाचा माणूस. मंडप, आचारी, किराणा असा सगळा खर्च मी तिला व्यवस्थित मांडून दिला. तिने तो वाचला आणि बाजूला ठेवला. खर्च सांगितला की लोक आपल्याला कंजूस ठरवतात आणि पुढचं ऐकत नाहीत, असं तिचं म्हणणं. "दादा, तू बेरीज सांगून राह्यला. मले पंगतीतून माणसं उठवाची हायेत."

वर्गाआधी तिने भाषण आईवर करून पाहिलं. आई सत्तरीची; तिला पटलं तर कोणालाही पटेल, असा मंदाचा हिशेब. आईने पहिल्याच वाक्याला अडवलं, "दुःखात आलेल्या माणसाले उपाशी पाठवतं काय?" मंदाने मेथीची जुडी निवडायला पुढे ओढली. मग भाषण सोडून बाबांच्या तेरवीचं बोलायला लागली. त्या दिवशी ती सकाळपासून चुलीपुढे वडे तळत होती. सांत्वनाला आलेल्या बायका तिच्याजवळ येऊन पुढचा घाणा निघाला का, तेवढं विचारून जात. "बाबा गेले हे मले सासरी परत गेल्यावर समजलं, आई," ती म्हणाली. आपल्याकडे पहिल्या दिवशी शेजारी पिठलं-भाकर आणून घरच्यांना कडू घास भरवतात. शिजवायचं बाहेरच्यांनी, जेवायचं घरच्यांनी. तेरवीलाही तेच चालू ठेवा, एवढंच मागायचं असं तिने ठरवलं. आई म्हणाली, "माह्या वेळी तसंच करजो. पण भाकर ज्वारीचीच पाह्यजे." मंदा खूप हसली. आता सरांनी मार्क नाही दिले तरी चालेल, म्हणाली.

पुढच्या रविवारी ती वर्गात बोलणार होती. त्याआधीचा हा बुधवार.

आई आणि मी कारंजालाच होतो. तिथे तेरवीची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी मंदाच्या भाषणाचा विषय काढला. भावकीतल्या एकाने टोमणा मारला की वर्ध्याचे लोक शिकून हात आखडायला लागले. सुरेशराव चिडले नाहीत. त्यांचं खताचं दुकान आहे, गावभर येणंजाणं आहे. ते म्हणाले, "भाऊ, मी साऱ्या गावाच्या तेरव्या जेवलो. आता माह्या घरी वेळ आली, तं दार लावू काय?" मंदाच्या भाषणात याचं उत्तर नव्हतं. असतं तरी ते मला तिच्यासारखं सांगता आलं नसतं... मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "तिनं मले समजावलं, ते माह्यासाठी. सोतासाठी कोणालेच समजावून गेली नाई."

तेरवी झाली. सुरेशराव स्वतः वरणाची बादली घेऊन प्रत्येकाला आग्रह करत होते. दुसरी पंगत अर्ध्यात आली असताना त्यांनी मागे वळून आत आवाज दिला, "मंदा, पोळ्या पाठव."

पंगतीतले हात थांबले. सुरेशराव दाराकडे पाहत तसेच उभे होते. आई आतून आली, त्यांच्या हातातली बादली काढून खाली ठेवली आणि मनगट धरून त्यांना आत नेलं. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता ऐकू येत होतं. मला आत जायचं होतं. मंदा गेल्यापासून मीही कोणाजवळ बसलो नव्हतो.

थोड्या वेळाने लोक पुन्हा जेवू लागले. टोकाकडून कोणीतरी वरण मागितलं. अजून दोन पंगती बसायच्या होत्या. बादली मी उचलली.