उद्या कुलूप लागलं तर

भंगारकाका कुठेही गेले की त्या जागेला आधी मनातल्या मनात कुलूप लावत. लग्नाचा मांडव असो, रेशनचं दुकान असो की डॉक्टरांचा दवाखाना, त्यांची नजर एकदा गोल फिरे आणि ओठ हलू लागत. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरानवरी देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, बाहेर येत होती, बँड वाजत होता, आणि काका मांडवातल्या खुर्चीवर बोटाने टकटक करून मला सांगत होते, "नळी पोकळ हाय. वजनावर काय येनार नाय." खुर्च्या भाड्याच्या आहेत असं मी सांगितलं तेव्हा ते ओशाळले. दुसऱ्याची वस्तू हिशेबात धरायची नसते, आणि हे विचारायला आपण विसरलो, याचं त्यांना वाईट वाटलं.

त्यांचं नाव इनास. वसईजवळच्या आमच्या निर्मळमध्ये सगळे त्यांना भंगारकाका म्हणत, पण पाठीमागे. समोर नुसतं काका. मुंबईतल्या एका कचेरीत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती. बुडालेल्या कंपन्या मोडीत काढणं हे त्या कचेरीचं काम. कोर्टाचा हुकूम झाला की काका लाख, मेणबत्ती आणि एक शिपाई घेऊन कारखान्यात जायचे, खुर्चीपासून बॉयलरपर्यंत सगळ्याची यादी करायचे आणि दाराला सील ठोकून यायचे. मग लिलाव. जन्मभर मयताला जाणाऱ्या माणसाला जिवंत माणसं कशी दिसत असतील, तसे काकांना चालू कारखाने दिसायचे. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास ते निवृत्त होऊन वाडीत आले. केळी होती, थोडा मोगरा होता, आणि टपालाने येणारे कंपन्यांचे वार्षिक अहवाल होते.

अहवाल घरी यावेत म्हणून त्यांनी वीस-पंचवीस कंपन्यांचे पाच-पाच, दहा-दहा शेअर घेऊन ठेवले होते. पोस्टमन अहवाल टाकून गेला की काका ओटीवर बसून पुढची सात-आठ पानं फाडून काकीला देत. त्यात अध्यक्षांचं भाषण आणि सुटाबुटातला फोटो असे. कागद गुळगुळीत, म्हणून काकी त्यात मोगरा बांधून बाजारात नेई. आमच्या गावातल्या कितीतरी बायकांनी मोठमोठ्या उद्योगपतींच्या चेहऱ्यातून गजऱ्याची फुलं सोडवली असतील. काका म्हणत, "मासा डोक्याकडून पारखायचा, अहवाल शेपटाकडून वाचायचा. खरं काय ते शेवटी बारीक अक्षरात लिवलेलं असतं, कारन ते कोनी वाचू नये असं त्यांना वाटतं."

मी तेव्हा फोर्टमध्ये एका शेअर दलालाकडे कारकून होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. ते दिवस नव्या शेअरच्या अर्जांसाठी रांगा लावण्याचे होते. शेजारच्या माणसाने भरला म्हणून माणसं अर्ज भरत, आणि लागला की पेढे वाटत. मीही वाटले. काकांनी पेढा खाल्ला, हात पुसला आणि विचारलं, "पास्कल, या कंपनीला उद्या कुलूप लागलं तर तुझ्या हातात काय पडेल?" मी म्हणालो, कुलूप कशाला लागेल, ही तर धो धो चालणारी कंपनी आहे. "चालनाऱ्यालाच लागतं," ते म्हणाले. "बंद असलेल्याला कोन लावील?"

मग त्यांनी मला त्यांची रीत शिकवली. अर्ध्या कागदावर मऊ पेन्सिलीने ते सगळं उरकत. रोकड पूर्ण धरायची. गिऱ्हाइकांकडून यायची उधारी रुपयाला बारा आणे, कारण कुलूप लागलं की गिऱ्हाइकांना तोंड लपवायला जागा सापडते. गोदामातला माल आठ आणे. यंत्रं कितीही नवी असोत, भंगाराच्या भावाने. जमीन घेतली त्या किमतीला, एक पैसा वर नाही. कंपनीचं नाव, इभ्रत, पुढच्या योजना, सगळं शून्य. "नावावर बोली लागलेली मी सत्तावीस वर्षांत बघितली नाय." त्यातून सगळं देणं वजा करायचं, उरेल त्याला शेअरच्या संख्येने भागायचं, आणि जो आकडा येईल त्याच्या दोन तृतीयांशाच्या आत शेअर मिळत असेल तरच घ्यायचा. एवढी सगळी कंजुषी करूनही वर तिसरा हिस्सा सोडायचा. मी हसलो तर म्हणाले, "चार आन्याची कोंबडी बारा आन्याच्या मसाल्यात घालायची तुमाला सवय. मी कोंबडी तोलतो."

देण्याच्या बाबतीत त्यांची एक सवय इतर कुणात मी पाहिली नाही. बँकेचं कर्ज, व्यापाऱ्यांची बिलं हे सगळेच वजा करतात. काका त्याच्याही आधी एक ओळ लिहीत, 'कामगारांचं'. ग्रॅच्युइटी, बुडालेला पगार, नुकसानभरपाई. पुष्कळ कंपन्या तेव्हा हे ताळेबंदात धरतच नसत. शेवटच्या पानावर बारीक टीप असे, की याची तरतूद केलेली नाही. काका ती टीप शोधून काढत, आकडा नसला तर माणसं आणि वर्षं अंदाजून स्वतः काढत. सील ठोकून निघताना फाटकाबाहेर उभी असलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांच्याकडे बघायला लागू नये म्हणून आपण मान खाली घालून चालायचो, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं.

वसई रोडच्या पूर्वेला तेव्हा एक तारेचा कारखाना होता. लोखंडी तार, खिळे, कुंपणाची जाळी. निर्मळ, उमेळे, तुळिंज अशा गावांतली एकशे चौऱ्याऐंशी माणसं तिथे कामाला होती. कारखाना बरा चालला होता, नफा बेताचा, मालक म्हातारे. शेअर पडत पडत आठ रुपयांवर आला होता. एका रविवारी देवळात मिस्सा आटोपून मी काकांकडे गेलो तर त्यांनी अर्धा कागद माझ्यापुढे सरकवला. कामगारांची ओळ धरून शेअरमागे पंधरा रुपये येत होते. "दहापर्यंत घ्यायला हरकत नाय," ते म्हणाले. "तुझ्या शेठला दाखव. चार मोठी मानसं शेअर घेतील तर कारखान्याला आधार होईल." स्वतः त्यांनी पेन्शनमधून पाचशे घेतले होते. एवढे शेअर त्यांनी आयुष्यात कधी घेतले नव्हते.

इथेच काका चुकले, आणि अशी चूक त्यांच्यासारखाच माणूस करू शकतो. आयुष्यभर त्यांनी मेलेल्या कारखान्यांचीच यादी केली होती. त्यांच्या लेखी तो कागद म्हणजे तोल सांभाळायची काठी होती, वाईटात वाईट काय होईल ते सांगणारी. तोच कागद वाचून कुणी धडधाकट कारखाना मुद्दाम मारील, हे त्यांच्या मनात आलं नाही.

माझी चूक मात्र अशी भाबडी नव्हती. आमच्या ऑफिसात एक बडं गिऱ्हाईक येई. त्यांना मी कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कामगारांच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? ताळेबंदात तर नाही." मी टीप दाखवली. "टीप म्हणजे कर्ज नाही," ते म्हणाले. "ही लाइन काढून टाईप करून आण." मी ओळ काढली. शेअरमागे चोवीस रुपये आले. टाईप केलेला कागद फार सुबक दिसत होता.

त्यांनी हळूहळू शेअर घेतले. नऊ, अकरा, तेरा, सोळा. सोळाला थांबले, तोवर निम्म्याहून जास्त त्यांच्या हातात आले होते. मला त्यांनी एक पाकीट दिलं. त्या पैशांत एक जुनी स्कूटर आली. वर्षाच्या आत कारखान्याला कुलूप लागलं. यंत्रं विकली, विक्रीचे पैसे त्यांच्या दुसऱ्या कंपनीत गेले, आणि कामगारांचं देणं कोर्टात गेलं.

यंत्रं उचलायला व्यापारी आले त्या दिवशी काकांनी मला तिथे न्यायला सांगितलं. माझ्याच स्कूटरवर बसून आलो. आत वजनकाटा लावला होता. तार खेचण्याचं यंत्र गेलं, जाळीचं गेलं, आणि बाहेर येणारा माणूस जे भाव सांगत होता ते काकांच्या कागदातले होते, जवळजवळ रुपयाला रुपया. मी म्हणालो, "काका, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला." ते वजनकाट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी आजवर मेलेल्यांचीच यादी केली रे. हा जिता होता."

त्यानंतर काकांनी अहवाल उघडले नाहीत. पोस्टमन टाकून जाई आणि काकी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोगऱ्याला वापरी. काकांनी नवी यादी सुरू केली होती, माणसांची. नाव, गाव, कामाला लागल्याचं साल, शेवटचा पगार, देणं किती. कंपनीचं हजेरीपुस्तक हरवलं आहे असं नव्या मालकांनी कोर्टात सांगितलं होतं, म्हणून ही यादी कामगारांच्या वकिलाला हवी होती. काकांचे गुडघे सायकल चालवायचे राहिले नव्हते. दर रविवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघायचो. उमेळ्याला दुमिंग नावाचा तार खेचणारा होता, उजव्या हाताची दोन बोटं अर्धी. तो पहिल्या दिवशी आमच्यावर ओरडला. "लिवून घेनारे लय आले. देनारा कोन हाय?" काका त्याच्या ओटीवर बसून राहिले. तासाभराने त्याच्या बायकोने पाणी आणलं आणि दुमिंगने साल सांगितलं.

पुढे पुढे काकांना माणसं दिसेनाशी झाली, वर्षंच दिसू लागली. बाजारातून जाताना समोरून कुणी आला की ते पुटपुटत, "सतरा, खेचनी." "अकरा, खिळे." "तेवीस, फाटकावर." देवळात पुढच्या बाकावर पाठमोरी माणसं बसलेली असत आणि मागे काकांचे ओठ प्रार्थनेला नव्हे, याला हलत. फादर एकदा हसून म्हणाले, इनास फार भाविक झाला. मला ते ऐकवत नसे. घरी आलो तरी ते आकडे कानात राहत. अजूनही उमेळ्याच्या नाक्यावर एखादा म्हातारा दिसला की माझ्या तोंडून वर्षं निघतात, आणि बायको विचारते, कुणाशी बोलता?

ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा काका हॉस्पिटलमध्ये होते. पाय सुजलेले, श्वास तोकडा. एका दुपारी काकी जेवायला घरी गेली होती. मी स्टुलावर बसलो होतो. काका छताकडे बघत म्हणाले, "तो सोळापर्यंत घेत राह्यला."

मी चादरीचं टोक त्यांच्या सुजलेल्या पायांवर ओढलं.

"पंधराची कंपनी असती तर तो दहावर थांबला असता. सोळावर थांबला, म्हंजे तिसरा हिस्सा सोडायच्या आधी त्याच्या कागदात चोवीस होते. चोवीस कवा येतात ते मना ठाव हाय." मग थोडा श्वास घेऊन म्हणाले, "ती ओळ तू काढली."

माझी मान हलली असावी.

"मना त्याच वेळी समजलं होतं. शेअर तेरा झाला तवाच. मी तुला विचारलं नाय, पास्कल. विचारलं असतं तर मना विकता आले नसते. मी पाचशेच्या पाचशे सोळाला विकले. त्यात विहिरीवर पंप बसवला. केळींना पानी सोडताना रोज आठवतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तसलं काही त्या डोळ्यांत नव्हतं. "तुझी स्कूटर कुठून आली तेबी मी विचारलं नाय. पन यादीला ती लागली."

पाचव्या दिवशी ते गेले. तोवर एकशे चौऱ्याऐंशींतल्या एकाच्याही हातात पैसा पडला नव्हता. पुढे काहींना थोडंफार मिळालं, काहींच्या विधवांना मिळालं. ती काकांची यादी होती म्हणून मिळालं, एवढं खरं.

दफनविधीला कारखान्यातली चाळीस-पन्नास माणसं आली होती. सगळं आटोपल्यावर ती फाटकाशी थांबली. दुमिंग पुढे आला आणि अर्ध्या बोटांच्या हाताने त्याने माझा हात धरला. "काकांना घेऊन तुमी आमच्यासाठी पाच वर्षं फिरलात," तो म्हणाला. "सवताचं पेट्रोल जाळून. कोन करतो एवढं?" बाकीच्यांनी माना हलवल्या. एकाने हात जोडले. सगळी एका जागी उभी होती, एका वाक्यात सगळ्यांना सांगता आलं असतं. त्यासाठी इतकी चांगली वेळ मला पुन्हा कधीही मिळणार नव्हती, आणि मिळालीही नाही.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. स्कूटरला किक मारली आणि दुमिंगला म्हणालो, "बस मागे, उमेळ्यापर्यंत सोडतो."