मोत्याच्या फटफटीचं मडगार्ड

अनसिंगहून किसनचा फोन आला. हा माणूस फोनवर शेजारच्या गावाला ऐकू जाईल असं बोलतो. त्या सकाळी मात्र आवाज पार बसला होता. “मोत्या गेला बे,” एवढंच म्हणाला. त्याला आता महिना होत आला.

मोतीलाल म्हणजे केनवडच्या बाजारातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, जैनाघरचा. किसन आणि मी कास्तकारांची पोरं. तिघंही शाळेत एकाच टाटपट्टीवर वाढलो. पन्नासच्या दशकात मी अमरावतीला कॉलेजात गेलो, तर हे दोघं मला परीक्षेच्या आधीपासूनच ‘बी.ए.’ म्हणून चिडवू लागले. शेवटच्या परीक्षेत, पेपरांच्या मधल्या सुटीत, वडील तापाने फणफणलेत म्हणून मी गावी आलो आणि अवकाळी पावसात अडकलो. गारा, वारा, खळ्यावरचा गहू भिजलेला, मोटरगाड्या बंद. दुसऱ्या दिवशी पेपर. वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, औंदा पास झालास तर झालास, नाही तर तिफण धर. मोत्याने नुकतीच फौजेच्या लिलावातली फटफटी घेतली होती. पेपरच्या आदल्या सकाळीच ती दारात आणून उभी केली आणि म्हणाला, “बस, बी.ए.” किसन न विचारता माझ्या मागे चढला. ढकलायले कोनी तरी पाह्यजे, म्हणाला.

आमच्याकडचं मालेगाव सुटेपर्यंत ठीक चाललं. किन्हीराजाच्या अलीकडे नाल्याने रस्ता खाल्लेला, म्हणून शेतातून वळावं लागलं, आणि तिथे काळ्या मातीने गाडी धरली. ही माती ओली झाली की पायातली चप्पलही सोडत नाही. पुढचं चाक आणि त्यावरचं मडगार्ड यांच्या मधे ती अशी ठासून बसली की चाक फिरेना. काडीने कोरून काढायची, थोडं पुढे जायचं, की पुन्हा तेच. वरून गारा. मी पुस्तकांचं गाठोडं पोटाशी धरून उभा. शेवटी किसनच बोलला, आणि तो माझं मन राखायलाच बोलला, “राहू दे ना आता. पुढल्या साली देजो पेपर.”

मोत्या चिखलात बसलेला. वर न पाहता म्हणाला, “तुमी कास्तकार लोकं सारंच पुढल्या सालावर टाकता बे. पीक पुढल्या साली, लगन पुढल्या साली. पान्हा दे इकडं.” आणि त्याने मडगार्डच खोलून काढलं. “चिखल अडवाले लावलं, आन् हेच चिखल धरून बसलं. कायले पाह्यजे?”

मडगार्ड निघालं तशी फटफटी सुटली, आणि चाकाने उडवलेला सगळा चिखल मोत्याच्या तोंडावर. तो डोळे पुसायचा, थुंकायचा, पण थांबला नाही. मागे किसनने ते मडगार्ड गारांपासून वाचायला डोक्यावर धरलेलं. कारंजा गावात लोक आम्हाला पाहून हसले. मग आम्हीही हसलो. अमरावतीला पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता, आणि दिवस बुडाल्यावर मोत्या अन्नाला शिवत नसे. दिवसभर गाडी ओढून तो उपाशीच झोपला. मला मात्र दटावून जेवायला बसवलं... “तुले उद्या लिवायचं हाय.”

मी पास झालो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, आणि हे मी आजही मान वर करून सांगतो. पण सांगताना मोत्याचं चिखलाने माखलेलं तोंड आधी आठवतं.

ते मडगार्ड पुन्हा काही गाडीवर चढलं नाही. मोत्याने त्याची भोकं डांबराने बुजवली, परसातल्या कडुनिंबाला ते उलटं टांगलं आणि पाखरांसाठी रोज त्यात पाणी भरू लागला. गेलो की मी म्हणायचो, अरे, बसव ना आता ते गाडीला. “पुढल्या साली,” म्हणायचा आणि डोळा मारायचा. फटफटी भंगारात गेली, तरी माझा प्रश्न तोच आणि त्याचं उत्तरही तेच.

परवा केनवडला जाऊन आलो. मोत्याच्या परसात बसलो होतो. त्याची सून चहा घेऊन आली, कडुनिंबाकडे पाहून म्हणाली, “काकाजी, हे गंजेल टीन काढून टाकू का आता?”

मडगार्ड कोरडं पडलं होतं. मी उठलो, बादलीतून तांब्या भरला आणि त्यात ओतला.

“पुढल्या साली पाहू,” मी म्हणालो.