मागच्या दारच्या खिळ्यावरचं ताट

आधीच सांगून टाकते — मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, तिथेही दिसलं नाही तर ते नाहीच, असं माझं साधं गणित. गोव्यातल्या आमच्या केरी गावात दर वळणावर कुणाला ना कुणाला काहीतरी दिसलेलं असतं. असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जायची. सख्ख्या मामाच्या तोंडावरही मी हसलेली आहे. त्यामुळे खालचं वाचून तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. फक्त जेवत असाल तर आधी जेवण उरका... मग वाचा.

गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजचं नाव सांगत नाही. डिचोली तालुक्यात, सर्वणच्याही पुढे, माळावर एकटीच उभी असलेली पिवळी इमारत आणि तिच्या मागे आमचं लेडीज हॉस्टेल. हॉस्टेलच्या मेसचा एक नियम होता. ताट, वाटी, पेला प्रत्येकीने घरून आणायचा, त्यावर नाव कोरलेलं पाहिजे. जेवण झालं की उष्टं बादलीत टाकायचं, मागच्या दारच्या नळावर आपलं ताट आपण घासायचं आणि जाळीच्या मांडणीत उभं करायचं. चाळीस-बेचाळीस ताटं तिथे एका ओळीत असायची.

एक ताट मात्र मांडणीत नव्हतं. ते नळाच्या वर, भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला लटकलेलं असायचं. लटकवता यावं म्हणून त्याच्या काठाला मुद्दाम भोक पाडलेलं. ते ताट सुवर्णाचं. सुवर्णा आमच्याहून एक वर्ष पुढे होती, वाळपईची. मी सांगतेय तेव्हा ती बीए करून निघून गेली होती, ताट तेवढं मागे राहिलं होतं. आमच्या स्वयंपाकीण काकी, दोडामार्गकडच्या, दर शनिवारी ते राखेने घासून परत खिळ्याला अडकवायच्या. कशाला, म्हणून कोणी विचारलं तर म्हणायच्या, "जेवचा ताट कोण टाकून जाता काय? येतला ता न्हेवक." सुवर्णा येईल न्यायला, असं त्यांचं म्हणणं.

चवथीच्या सुट्टीत मी माझं ताट घरी नेलं होतं, आईकडून चिंच लावून लख्ख करून घ्यायला. येताना नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, डब्याच्या नादात ते घरीच विसरले. चार दिवस माझी रूममेट अक्षता जेवून उठली की तिचं ताट घासून मी जेवायची. मग रविवारी दुसऱ्या कॉलेजची व्हॉलीबॉलची टीम आमच्याकडे खेळायला आली. पाहुण्या म्हणून त्यांना आधी जेवायला बसवलं, आमची सगळी ताटं त्यांच्यापुढे गेली. मी आमच्या टीमची सेटर. सकाळी सातपासून कोर्टवर उड्या मारून पोटात आग पडलेली. दुपारचा एक वाजलेला. काकी वाढण्यात गुंतलेल्या. मी खिळ्यावरचं ताट काढलं, साबणाने तीनदा घासलं, वर चहाच्या आधणाचं उकळतं पाणी ओतलं. मनात म्हटलं, आता ह्याच्यावर एक जंतू जिवंत असेल तर शपथ.

भात, आमटी, कोबीची भाजी. भात चांगला मोकळा, वाफाळता होता, शीत न् शीत वेगळं. मी घास कालवला आणि तोंडात घातला.

तो चावलेला होता.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. जिभेवर आला तो कोमट, बुळबुळीत, दुसऱ्या कुणीतरी बराच वेळ तोंडात घोळवलेला लगदा. त्यात कुणाची तरी लाळ. कोबीच्या दोऱ्या दातांनी तोडून झालेल्या... मी नळाकडे धावले आणि ओकले. पाहुण्या मुली बघत होत्या. वाटलं, उन्हाचं पित्त झालं असेल. तोंड धुऊन पुन्हा बसले. दुसरा घास तसाच, तिसराही तसाच.

संध्याकाळी कँटीनमधला पाव खाल्ला, साधा, कडक उंडो. हातात कडक, तोंडात भिजलेला चोथा. ताट नाही, मेस नाही, तरी तेच. बिस्किट, केळं, शेंगदाणे, काहीही घ्या. कुणीतरी माझ्याआधी खाऊन माझ्या तोंडात थुंकतंय, असंच दर वेळी.

मी घास लॅबमध्ये नेला. हसू नका. अक्षताला समोर बसवलं, चिमटीत दहा-बारा शितं धरली, तिला दाखवली, जिभेवर ठेवली, तोंड न हलवता लगेच काचपट्टीवर काढली. आत गेली तेव्हा अख्खी होती. बाहेर आला तो चिखल. अक्षता उठून दोन पावलं मागे सरली. म्हणाली, "परत करू नको गो. माका बघवना." सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेला स्टार्च आणि गालाच्या आतल्या पेशी दिसल्या. त्या माझ्याही असू शकतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त न चावता ते दाणे फुटले कसे, हे सांगायला पुस्तकात काही नव्हतं.

डॉक्टरांनी पोट, रक्त, सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. शेवटी एक गोळी दिली आणि टेन्शन घेऊ नकोस म्हणाले. मी पेजेवर आले. पेज चावावी लागत नाही, नाक दाबून गिळता येते. तिसऱ्या आठवड्यात कोर्टवर उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे. सरांनी मला टीममधून बाजूला बसवलं. शनिवारी घरी गेले तर आईने माझ्यासाठी बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, केलेलं. पहिल्या घासाबरोबर आईसमोर ओकले. चघळलेली मासळी... सोडा. बाबा माझ्या मनगटाकडे बघत म्हणाले, "पुरे झाला ता शिकाप. सोमवारी वचून नाव काढून हाडुया. जीव ऱ्हवलो तर वर्स परत करुंक येता." बाबा मोठ्याने बोलत नाहीत कधी. तेव्हाही बोलले नाहीत. मला सोमवारपर्यंत मुदत मिळाली एवढंच.

रविवारी सकाळी हॉस्टेलला परतले आणि सरळ काकींकडे गेले. त्या नारळ खवत होत्या. सगळं ऐकून त्यांनी खवणं थांबवलं नाही.

"कोणाच्या ताटात जेवलंस?"

"सुवर्णाच्या."

"मगे माका कित्याक इचारतंस? जेचा ताट, तेका जावन इचार." आणि मग मान वर करून म्हणाल्या, "ता ताट खिळ्याक कोणी लावल्यान, ता माका म्हायत आसा हां."

आता ते सांगायलाच हवं. इतका वेळ टाळलं.

सुवर्णाला सोरायसिस होता. कोपरांवर, तळहातांवर त्वचा लाल होऊन पापुद्रे सुटायचे. कधी टेबलावर, कधी तिच्या मांडीवर पडायचे. मुलींना शिसारी यायची. तिने वाढायचा डाव धरला की मागची मुलगी फडक्याने डाव पुसायची, तिच्यादेखत. एकदा सगळ्यांनी ठरवलं की वॉर्डनना अर्ज द्यायचा, तिची भांडी वेगळी ठेवावीत म्हणून. मी मेस कमिटीवर होते आणि माझं अक्षर सुंदर, मराठी चांगलं. अर्ज मी लिहिला. 'सदर विद्यार्थिनीबद्दल आम्हांस पूर्ण सहानुभूती आहे, तथापि भोजनसमयी किळस वाटते' — हे माझं वाक्य. त्यावर आम्ही मुली दाद देत हसलो होतो. सोरायसिस लागत नाही, स्पर्शाने नाही, भांड्याने नाही, हे त्या मेसमध्ये सगळ्यांत चांगलं ठाऊक असलेली मुलगी मी होते. परीक्षेत मला त्यावर पूर्ण मार्क होते. तरी लिहिला. दुसऱ्या दिवशी ताटाला भोक पडलं आणि ते खिळ्यावर गेलं. सुवर्णा त्यानंतर वर्षभर ताट घेऊन खोलीत जाऊन एकटी जेवली. आम्हाला ते सोयीचंच वाटलं. मला माझी जेवढी घाण वाटते तेवढी त्या घासांचीही वाटली नाही.

हॉस्टेलच्या वहीतून सुवर्णाचा पत्ता काढला. ती मेली असेल, असं मला वाळपईच्या बसमध्ये बसल्यावर वाटायला लागलं. असल्या गोष्टींत मेलेलंच असतं ना कुणीतरी. ताट पिशवीत गुंडाळून वाळपईपर्यंत मांडीवर घेतलेलं.

सुवर्णा जिवंत होती. सरकारी ऑफिसात क्लार्क लागली होती, बाजारामागच्या आळीत आईबरोबर राहायची. दार तिनेच उघडलं. चांगली भरली होती, गाल वर आले होते. मला बघून क्षणभर ओळखलंच नाही तिने.

"कितें जालें गो तुका? हाडां दिसतात नुसती!"

मी ताट पुढे केलं. तिने काठाच्या भोकावरून बोट फिरवलं, पण ताट हातात घेतलं नाही. मी उंबऱ्यातच बोलून टाकलं — अर्ज मी लिहिला होता, चूक झाली, माफ कर. पाठ करून आलेलं वाक्य, तेही धड आलं नाही.

"म्हायत आसा," ती म्हणाली. "वॉर्डननी माका वाचूंक दिल्लो. तुजें अक्षर हांव वळखतां. बरें आसा अक्षर."

मग म्हणाली, आत ये. दुपारची जेवायची वेळ, आई देवळात गेलेली. तिने भात आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं माझ्या हातातल्या त्याच ताटात वाढलं, ते मला जमिनीवर ठेवायला लावलं, समोर बसली आणि स्वतःच जेवू लागली. मला वाढलं नाही. तळहात अजून तसेच होते, लाल, भेगाळलेले. जेवता जेवता म्हणाली, "तुका सांगू? ह्या तीन आठवड्यांत माका एक विचित्र जाता. दनपारां हांव कामांत आसतां आनी तोंड भरून येता. काय एक खाल्ल्या बगर. भात, कोबी, ती हॉस्टेलातली पाणचट आमटी... दुसऱ्याच कोणाच्या तोंडातलें कशें. शी! पोट भरता, वजन वाडलां, पूण किळस येता गो." एकदा दुपारी बांगड्याचं हुमण आलं म्हणाली. तेवढं बरं लागलं. कोणत्या दिवशी, ते मी विचारलं. काल.

तिने जेवायचं थांबवून माझ्याकडे बघितलं, आणि अर्धं झालेलं ताट माझ्याकडे सरकवलं. बोटांच्या रेघा उमटलेला, तिचा उष्टा भात. "जेव," म्हणाली. आग्रह नव्हता आवाजात. बघू काय करतेस, असं होतं.

मी घास घेतला. शितं मोकळी होती. गरम होती. तिसरीचा चिवटपणा दाताखाली आला आणि तो मी स्वतः चावला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी ते ताट बोटाने निपटून खाल्लं. बाबांना फोन करून सांगितलं, नाव काढायला येऊ नका.

निघताना मी ताट घासून तिच्यापुढे ठेवलं. तिने पुन्हा हात लावला नाही. "तूंच व्हर तें. माका तेची किळस येता." माझाच शब्द, माझ्याच सुंदर अक्षरातून आलेला. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. मैत्रीण वगैरे झालो, असं खोटं मी लिहिणार नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. अपराधीपणाने जीभ फसते म्हणा, पण मग अक्षताने काय बघितलं? आणि वाळपईत बसून शनिवारचा बांगडा कुणाला कसा कळला? मी शोधणं सोडलंय. ते ताट आज माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी त्यातच जेवते, रोज. दुसऱ्या कुणाला त्यात वाढत नाही. माझे घास माझेच असतात, तेव्हापासून एकही बिघडला नाही. तिकडे माझे घास पोचायचे थांबले का, हे विचारायला सुवर्णाला फोन करायची हिंमत मात्र झालेली नाही. त्यामुळे स्वयंपाक मी जपून करते. आमटीत मीठ जास्त पडलं तर मला आधी वाळपई आठवते.