घास तोडलेला नान

ताश्कंदमधल्या आमच्या घरमालकीण, आपा, एके काळच्या सिनेनटी. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर त्यांचेच फोटो. कुठे राणी, कुठे कापूस वेचणारी, शेवटी शेवटी नुसती आई. मधोमध खिळ्याला एक दगड झालेला नान टांगलेला, कडेचा घास तोडलेला.

तो मी ओळखला. लांब निघालेल्या माणसाने नानाचा एक घास खायचा, उरलेला घरी टांगायचा आणि परत येऊन त्यानेच तो संपवायचा, ही तिकडची रीत. आपांच्या एका सिनेमात लढाईवर निघालेल्या मुलापुढे त्या असाच नान धरतात. ते बघून मी हमसून रडले होते.

"सिनेमातला तोच ना हा?" मी कौतुकाने हात लावायला गेले.

आपांनी माझा हात धरला. हिंदी सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत म्हणाल्या, "तो शूटिंग संपल्यावर आम्ही सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ला. हा माझ्या मुलाचा."

मी हात मागे घेतला. अभिनय म्हणून आपण कशाकशाला टाळ्या वाजवतो! सिनेमा आधीचा की हा घास आधीचा, हे विचारायचा धीरच झाला नाही.

आपा रुमालाने नानावरची धूळ पुसत होत्या. दातांची कड तेवढी सोडून.